नईमभाईंचं वळण

रुखसानावहिनींचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, वर्गावर निघाले होते. "ताई, नईम गेले…" एवढंच त्या बोलल्या. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. परवा चाळीस दिवस झाले.

बाळापूरचे नईमभाई आणि मी, आम्ही अमरावतीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात बारा वर्षं बरोबर होतो. शिकवून उरलेल्या वेळात सिलिकॉनच्या चिपवर प्रकाशासाठी वाटा आखायचो. केसाहून कितीतरी बारीक वाटा. तारेतून वीज जावी तसा त्यांतून उजेड जातो. पण वळण आखूड केलं की तो बाहेर सांडतो, आणि ऐसपैस ठेवलं तर चिपवर जागा पुरत नाही. आखूड, तरीही न सांडणारं वळण… त्यापायी किती दुपारी गेल्या!

एकदा साधलं. कॉम्प्युटरवरचे आकडे सुरेख आले, शोधनिबंध स्वीकारला गेला. मग बाहेरून बनवून घेतलेल्या चिप आल्या. मोजल्या, तर एकच तुकडा आकड्यांना जागला. बाकीच्यांत निम्मा उजेड वाटेतच नाहीसा. मी म्हटलं, त्या एकाचंच छापू. माझी बढती त्यावर अडली होती.

"अन् बाकीच्यायचा उजेड कुठी गेला, हे कोनं सांगाव, ताई?"

त्यांनी निबंध मागे घेतला. मी रागानं अकोल्यात नोकरी धरली आणि तीन वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. दर ईदला त्यांचा फोन यायचा, मी उचलायची नाही… आता किती वाटतं, एकदा तरी वाजावा.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा नवा आराखडा आला. ते एकटेच मागे लागून राहिले होते. बनवताना वळणाची कड जराशी हलली की उजेड सांडतो, हे त्यांना सापडलं होतं. तेवढी चूक सोसणारा आकार त्यांनी काढला होता. वर पहिलं नाव माझं. न राहवून मीच फोन लावला. माझं नाव कशाला, विचारलं.

"तुमी रुसल्या म्हून का मी खोडू? चिप येऊन राहिल्या. मोजाले या."

चिप आल्या, त्याआधी ते गेले.

मागच्या आठवड्यात मी अमरावतीच्या आमच्या जुन्या प्रयोगशाळेत गेले. चिपमध्ये उजेड सोडणारा काचेचा तंतू वाटेच्या तोंडाशी नेमका आणायला तिथं एक स्क्रू आहे. मी तो नेहमी घाईनं फिरवायची. त्याच्याशेजारी कागदाची नवी पट्टी चिकटवलेली होती. त्यांचं अक्षर: "ताई, हळू."

मग मी हळूच फिरवला. एकेक तुकडा मोजला. सगळ्यांतून उजेड पार आला. संध्याकाळ झाली, तरी त्या दोन शब्दांपुढून उठवेना…