खाणं कमी करा

कामशेतच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हा एक मावशी दर बाजाराच्या दिवशी यायच्या. अंगानं चांगल्याच जाड. बाकावर बसण्याआधी त्या बाक हातानं दाबून बघायच्या आणि मग मला विचारायच्या, "जेवला का न्हाई?" मी एकटा राहायचो, पाव-बिस्किटांवर दिवस काढायचो. पण मी काडीसारखा होतो, म्हणून डॉक्टरांनी मला खाण्यावरून कधी हटकलं नाही. मावशींना मात्र दर खेपेला एकच सांगणं: "खाणं कमी करा."

त्या खरंच किती खात असतील, याचं मलाही कुतूहल होतं.

एकदा डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा मावशींनी आपलं भाकरीचं फडकं त्यांच्या टेबलावर सोडलं. आत तांदळाची अर्धी भाकरी आणि थोडी माठाची भाजी होती.

"दिसभराचं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "ह्यातलं काय कमी करू, डाक्टर?"

मग पहिल्यांदाच खाली वाकून डॉक्टरांनी मावशींच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो लवकर भरेना. अंगावर सगळी सूज होती.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "धाप कधीपासून लागते?"

"लय दिस झालं," मावशी म्हणाल्या. "पन तुमी इचारलं कुटं?"