आवतन माझं, दार चाचांचं

महबूबचाचा आमच्या गोठ्यात आले की आधी बैलाला सलाम करायचे, मग माणसांना. शिरड शहापुरात त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. आमचा हौश्या मूळचा त्यांच्या गाईचा गोऱ्हा. लहान असतानाच आम्ही तो विकत घेतला आणि पुढं त्याची सगळी उमर माझ्या दावणीला गेली. सरकी मी भिजवली, शेण मी काढलं, आजारपणात रात्र रात्र मी बसले. चाचा नुसते येऊन त्याच्या गळ्याखाली खाजवायचे आणि म्हणायचे, "काय बादशा, सुनबाई बराबर ठेवून राहिली ना?" बादशा! आम्ही ठेवलेलं नाव हौश्या, पण यांचं आपलं जुनंच चालू. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हातारपणी हौश्या बिघडला. रोजची वाट चुकायचा, भरल्या गव्हाणीपुढं उभा राहून चारा शोधायचा. एकदा तर माझ्यावरच शिंग उगारलं. जवळा बाजारहून गुरांचे डॉक्टर आले. म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं होतं तसंच आहे हे. मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं कमी होतात. नवं आधी पुसलं जातं, जुनं मागं राहतं."

"नवं म्हंजे मी का?" मी भडकलेच. डॉक्टर बिचारे आपली बॅग आवरायला लागले.

पोळ्याच्या आदल्या सांजेला मी त्याचे खांदे हळद-तुपानं मळले आणि रीतीप्रमाणे कानात म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग लेवून हा रांगेतून बाहेर पडला तो थेट चाचांच्या दारात. आवतन माझं, आणि जेवायला हा तिकडं! पुरणपोळीचं ताट घेऊन मी मागं पळाले. माझ्या हातातल्या पोळीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. चाचांनी "बादशा" म्हटलं, की लगेच मान वळली.

"तुमीच चारा आता!" मी ताट पुढं ढकललं.

"काहून जळून राहिली, सुनबाई?" चाचा म्हणाले. "त्याला मी याद न्हाई. त्याला त्याचं लहानपण याद हाय, मी त्यात सापडलो, बस. सणाचा घास तुझाच. हात पुढं कर." आणि ते त्याच्या गळ्याखाली खाजवत राहिले. हौश्यानं खाल्लं माझ्या हातचं, पण डोळे मिटले ते चाचांच्या बोटांवर. घरी येऊन मी रडले, रागानंच रडले.

दिवाळीनंतर चाचा गेले. मयतीला सगळं गाव होतं. थोड्या दिवसांनी हौश्याला पाण्यावर नेताना मी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गेले. आता हा अडून बसणार, हंबरणार म्हणून कासरा घट्ट धरला. तो थांबलाच नाही. दारावरून सरळ पुढं चालला. मी "बादशा" म्हटलं, तरी कान हलला नाही. चाचाही पुसले गेले होते.

इतकी वर्षं जे मनात मागत होते, ते झालं होतं. आणि मी भर गल्लीत कासरा ओढून त्याला मागं वळवत होते, "अरे थांब की रे! चाचांचं दार हाय हे. बघ तरी एकदा!"