पडद्याचं माप

करंजाड्यात आमच्या घरचा कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला जासईहून स्कूटरवर येतो. हात लावायच्या आधी रुमालाने मॉनिटर पुसतो, मग दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघतो. ताणलेलं चित्र त्याला अजिबात सहन होत नाही.

परवा आला होता प्रिंटर जोडायला, पण पडदा दिसताच वैतागला. "रिझोल्यूशन चुकलंय. माणूस हाय तसा दिसला पायजे ना!"

पडद्यावर बाबांचा शेवटचा फोटो होता. त्याने सेटिंग बदलताच अक्षरं रेखीव झाली, आणि बाबांचे गाल खोल गेले.

आई चहा घेऊन दारातच थांबली. "आजारात असेच दिसायचे रे," ती हळू आवाजात म्हणाली. "इतके दिवस इथे कसे भरलेले वाटत होते."

तो पुन्हा पडद्याकडे वळला. माऊस दोनदा वाजला आणि बाबांचे गाल पुन्हा भरले.

"मावशी, मॉनिटर जुना हाय. याला हेच माप बरोबर."

चहा पिऊन तो उठला, सवयीने दोन पावलं मागे सरला. मान मात्र त्याने सरळच ठेवली.