कोणाच्या ओळीला कोण

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी सासू गेली आणि कापूस वेचणाऱ्या बायकांची तिची टोळीही निम्मी होऊन गेली. इंझोरीत त्या साली माणूस गमावलं नाही असं घर शोधावं लागलं असतं. माझे यजमान वाचले, पण अंगात ताकद उरली नव्हती. अंगणापर्यंत चालले तरी भिंतीला टेकून धापा टाकायचे. पुढच्या हंगामात दसऱ्याच्या आधीच शेतमालकाचा निरोप आला की बोंडं फुटायला लागली आहेत, टोळी जमव. सासूनंतर हे काम माझ्याकडे यायचं, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं.

मी मालेगावकडची. माहेरी भाजीची वाडी होती, तिथं घरचीच माणसं राबायची. कोणाला कामावर घ्यायचं आणि कोणाला नाही म्हणायचं, हे कधी करावं लागलं नव्हतं. सासूला मात्र करताना पाहिलं होतं. बाई कामाला विचारायला आली की सासू तिला बसवायची, पाणी द्यायची आणि भलत्याच गोष्टी काढायची. तुझ्या जावेचं कसं चाललंय, तुझी म्हैस आटली का, असं काहीतरी. बाई गेल्यावर मला म्हणायची, "कापूस तं साऱ्यायलेच वेचता येते. दिवसभर शेजारी कोन सहन होते, ते पाहा लागते."

मीही तसंच करू लागले. जुन्यांपैकी ज्या उरल्या होत्या त्या आल्याच. नव्यांपैकी दोघींचं मला आजही आठवतं.

पहिली खालच्या आळीतली. चाळिशीची, आडव्या हाडाची. तिचा आवाज आमच्या अंगणात यायच्या आधी तीन घरं ओलांडून आला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाली, "पानी राहू दे. घेतं का नाई, ते सांग." मी म्हैस, जाऊ, काही काढायच्या आत तिनंच सांगून टाकलं, "मी तोंडाची फाटकी हाय. पोटात काही ठेवत नाई. मागच्या टोळीतून याच्यासाठीच काढलं मले."

"भांडण झालं होतं का?"

"भांडन नाई. एकजन वजनासाठी बोंडाची टरफलं कापसात टाके. मी साऱ्यायसमोर बोलली."

तिला घेणार हे कळल्यावर जुन्या बायका संध्याकाळी माझ्याकडे आल्या. त्यातली एक, सासूची जिवाभावाची, म्हणाली, "तिले घेतलं तं दिवसभर कान किटतीन. दुसरी पाह्य."

मी म्हटलं, "दुसरी कुठून आणू? गावात माणसं राह्यली कुठं?" हे खरंच होतं. पण मला ती आवडलीही होती. तिच्याशी बोलताना मनात दुसरं काय आहे, हे शोधावं लागत नव्हतं.

दुसरी स्वतः आलीच नाही. तिची सासू तिला घेऊन आली. वीस-बावीसची पोर, नवरा साथीत गेलेला. मान खाली, पदर कपाळापर्यंत. मी काय विचारलं तरी सासूच उत्तर द्यायची. शेवटी सासू म्हणाली, "बोलत नाई वं ही. पन हात चांगला चालते तिचा." पोरीनं एकदाच वर पाहिलं. ते पाहणं मला घाबरल्यासारखं वाटलं नाही. कोणी काही विचारू नये, एवढंच तिला हवं होतं असं वाटलं.

पहिल्या वेच्याला, म्हणजे पहिल्या वेचणीला, शेताच्या बांधावर दहीभाताचा नैवेद्य झाला आणि मी बायकांना ओळी लावून दिल्या. त्या फाटक्या तोंडाच्या बाईशेजारी त्या पोरीला ठेवलं. इतर बायका माझ्याकडे पाहू लागल्या. मी मनाशी हिशेब केला होता. एकीला ऐकणारं माणूस हवं होतं आणि दुसरीला न विचारणारं. ती मोठी बाई प्रश्न कधी विचारायचीच नाही. ती आपली सांगत सुटायची, बैलांचं, जावयाचं, कोणत्या देवळात कोणाची चप्पल गेली त्याचं. पोर कमरेच्या ओटीत कापूस टाकत पुढे सरकायची.

ते जमलं. दुसऱ्या वेच्यात एकदा मला त्या ओळीतून हसू ऐकू आलं आणि ते त्या पोरीचं होतं. जुन्या बायकांनीही ऐकलं. सासूची ती मैत्रीण मला म्हणाली, "बरं केलं तू." त्या दिवशी घरी जाताना मला फार हलकं वाटत होतं.

मालकाचा एक कारभारी होता. कापूस मोजून घ्यायला यायचा. आधी संध्याकाळी यायचा, मग दुपारीही येऊ लागला. शेताच्या कडेला कापूस ठेवायची झोपडी होती. तिथे कापूस दाबायला म्हणून तो कोणाला तरी थांबवायचा आणि ते कोणीतरी हळूहळू ती पोरच व्हायला लागली. माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी म्हटलं, मीच थांबते. तो म्हणाला, "तू म्होरकी हायेस, तू टोळी पाह्य." मी तिला ओळींच्या मधोमध घेतलं. तिला विचारलं, "काही त्रास हाय का?" तिनं मान हलवली. नाही.

मग एका दुपारी, आम्ही भाकरीला बसायच्या बेतात असताना झोपडीकडून ओरडणं ऐकू आलं. मोठी बाई ओटी रिकामी करायला पोरीमागोमाग गेली होती. कारभाऱ्यानं पोरीचं मनगट धरलेलं तिनं पाहिलं आणि जागच्या जागी ओरडली. "सोड तिचा हात! लाज नाई वाटत? नवरा मेलेल्या पोरीवर हात टाकतं?" एवढ्यावर ती थांबली नाही. त्याच्या बायकोचं, आईचं, सगळ्यांचं नाव घेऊन बोलली. शेजारच्या शेतात वखर चालले होते. तिथली माणसं बैल थांबवून पाहू लागली. कारभाऱ्यानं हात केव्हाच सोडला होता. पोर पदरानं तोंड झाकून तशीच उभी होती.

संध्याकाळी निरोप आला की उद्यापासून ही टोळी नको. मालकाला कारभाऱ्यानं काय सांगितलं कोण जाणे. मी यजमानांना बरोबर घेऊन मालकाच्या दारी गेले. यजमान धापा टाकत बोलले, मी बोलले. मालक शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "असा तमाशा करणाऱ्या बायका मला शेतात नकोत." कारभाऱ्याला कोणी काही बोललं नाही.

पोरीला तिच्या सासरच्यांनी घरात बसवलं. नाल्यावर, देवळात, जिथं तिथं तिचं नाव निघत होतं, आणि कारभाऱ्याचं नाव घेताना माणसं आवाज खाली करत होती. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या सासूनं उंबऱ्यातच बसवलं. पोर आतून आली. पहिल्यांदाच माझ्याशी एवढं बोलली.

"तिनं वरडाले नको होतं."

"मग काय करणार होतीस तू?"

"वेचा सरत आला होता. मंग मी येनं बंद केलं असतं. बिमार हाय म्हनलं असतं. कोनाले कळलं नसतं."

"आणि तोवर?"

ती उठून आत गेली. तिच्या गप्प राहण्यातही एक बेत होता, हे मला तेव्हा कळलं. तिनं सगळं पार पाडायचा रस्ता मनात आखून ठेवला होता आणि तो दुसरीनं एका ओरडण्यात मोडून टाकला.

तिथून मी खालच्या आळीत गेले. पोर काय म्हणाली ते सांगितलं. मोठी बाई चुलीपुढे बसली होती. तिनं एक लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मंग मी काय करू? पाहून परत येऊ?"

 

वाशीमच्या वाटेवर एका दुसऱ्या शेतकऱ्याला बायका हव्या होत्या. टोळीतल्या जुन्या बायका म्हणाल्या, "आमी येतो, पन तिले घेऊ नको." सासूची मैत्रीण म्हणाली, "तुही सासू असती तं तिनं तिले काढलं असतं." कदाचित काढलंही असतं. मी म्हटलं, "ती येईल. ती बोलली नसती तर कोणी बोललं असतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या बायका आल्या नाहीत. सासूची मैत्रीण आली. का आली, ते तिनं सांगितलं नाही.

पोरीला दिवाळीनंतर तिचा भाऊ घेऊन गेला. पुढे तिचा पाट लागला, दुसरं लग्न झालं असं ऐकलं, कुठे ते धड कळलं नाही.

तो हंगाम आम्ही थोड्याच बायकांनी काढला. ओळी लांबच लांब वाटायच्या. मोठी बाई माझ्या शेजारी वेचायची आणि दिवसच्या दिवस एक शब्द बोलायची नाही. एकदा दुपारी सासूची मैत्रीण पलीकडच्या ओळीतून म्हणाली, "बोल न वं काही. जावयाचं सांग."

"काय सांगू," ती म्हणाली, आणि वेचत पुढे गेली.