संकष्टीचा चंद्र आणि "सरक थोडी"

कॅमेरा कितीत पडला, असं आज पुन्हा एकानं विचारलं. दुकानात दिले ते पैसे सोडा मंडळी. मले तो सात वर्षांच्या संकष्ट्यांत पडला.

चंद्राचा फोटो अख्ख्या दिग्रसमध्ये माझ्यासारखा कोणी काढत नाही, फोटोत चंद्रावरचे खड्डे मोजून घ्या. दर संकष्टीला बायको चंद्र पाहून उपास सोडायला ताट घेऊन गच्चीवर यायची, अन् मी म्हणायचो, "सरक थोडी, स्टँड हालते."

"चंद्र काय तुमच्या एकट्याचा हाय का?" म्हणत ती कोपऱ्यात जायची.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. आज संकष्टी. कॅमेरा लावून बसलो होतो, तर जिन्यात बांगड्या वाजल्या. क्षणभर वाटलं, तीच आली. पण सूनबाई होती, हातात तसंच ताट.

"बाबा, सरकू का मी?"

"नाही. तिथंच उभी राह्य."

चंद्र सोडला, कॅमेरा तिच्याकडे वळवला अन् बटण दाबलं.

तुम्ही कोणाला असं सरकवलं होतं का? सांगा.

माझ्याजवळ चंद्राचे शेकडो फोटो आहेत, बायकोचा गच्चीवरचा एकही नाही. अन् सुनेचा आजचा फोटो पूर्ण काळा आला. उजेड कमी घेणारं ते सेटिंग चंद्राचंच राहून गेलं होतं.