आहेरमामांचा गुळाचा खडा

एका कारखान्यात तीस वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत, डबा उघडला की आपोआप बाहेर पडतात. मी सातपूरला बॉयलर खात्यात फिटर होतो. आजही आम्ही जुने चौघं जमलो की सुरुवात आहेरमामांपासूनच होते.

मामा नामपूरचे. गरम पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची आणि जुनी झाली की खरवडून काढायची, हे त्यांचं काम. खरवडताना असा पांढरा भुगा उडायचा की मामा गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखे बाहेर यायचे.

* * *

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धुळीच्या खात्याला कंपनीकडून रोज गूळ मिळायचा, माणशी एक खडा. गूळ खाल्ला की धूळ पोटात जाते, छातीत राहत नाही, अशी सगळ्यांची खात्री. माझीसुद्धा! मामांना धुळीचं काही विचारा, त्यांच्या अहिराणीत उत्तर ठरलेलं, "गूळ शे ना!" म्हणजे, गूळ आहे ना!

* * *

पुढे कंपनीनं मास्क वाटले. आठवड्यानं सेफ्टी ऑफिसर राउंडला आले, तर मामांचं तोंड उघडंच. मास्क कुठाय म्हटल्यावर मामांनी लॉकर उघडून दाखवला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी घालून, वर कापराची वडी!

"साहेब, धुळीत घातला तर खराब होईल ना," मामा म्हणाले.

हसू नका. मी स्वतः अ‍ॅस्बेस्टॉसच्या कापडाचा तुकडा घरी नेला होता, गरम कुकर ठेवायला. बायकोनं त्याला कडेनं लेस लावली.

* * *

मामी, म्हणजे मामांची बायको, बोलायला फटकळ आणि चालायला लय तेज. दर चैत्रात आमचं खातं बायकापोरांसकट वणीच्या गडावर जायचं. आम्ही निम्म्या पायऱ्यांवर फतकल मारलेली असायची आणि मामी वरून ओरडायच्या, "काय फिटर, नट ढिला झाला का?"

मामांचा युनिफॉर्म त्याच धुवायच्या. आधी दारच्या ओट्यावर उभं राहून झटकायच्या, मग आपटायच्या. अख्ख्या खात्यात मामांइतके स्वच्छ कपडे कोणाचे नसत, आणि याचा मामींना फार अभिमान होता.

* * *

दोन हजार सालानंतरच्या एका चैत्रात मामी थोड्याच पायऱ्या चढून खाली बसल्या. खोकला थांबेना, दम पुरेना. त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही. मामांनी खिशातला खडा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

नाशकातल्या छातीच्या डॉक्टरांकडे मीही बरोबर गेलो. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला, बराच वेळ पाहिला आणि मामींना विचारलं, "बाई, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कुठल्या खात्यात होतात तुम्ही?"

मामी म्हणाल्या, मी तर कंपनीचं गेटसुद्धा पाहिलं नाही.

मग डॉक्टरांनी मामांकडे वळून विचारलं, तुमचे कपडे घरी कोण धुतं? मामांनी मामींकडे पाहिलं. मला भयंकर वाईट वाटलं आणि स्वतःचाही राग आला, कारण तो लेसवाला तुकडा अजून आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर होता. घरी गेल्या गेल्या तो उचलला.

* * *

कपडे कंपनीतच धुऊन मिळावेत म्हणून युनियननं मागे कधीतरी अर्ज दिला होता. घरी धुतले तर काय बिघडतं, असं मॅनेजरसाहेबांचं उत्तर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मामांनी घरचा शर्ट घातला, युनिफॉर्मचं गाठोडं बांधलं आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी मागोमाग. जन्मात कधी मामांचा आवाज चढला नव्हता, तेव्हाही चढला नाही. गाठोडं त्यांनी टेबलावर ठेवलं. पांढरा भुगा काचेवर पसरला.

"साहेब, हे घरी न्या. वहिनींना धुवायला सांगा."

साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागं सरकवली आणि नाकाला रुमाल लावला.

मामांनी खिशातून गुळाचा खडा काढला आणि गाठोड्यावर ठेवला.

"आणि हा त्यांना द्या."