मानाचा आकडा

लाखनीतल्या वासुदेवरावांच्या नेट कंपनीत दीपमाला गजभिये सहा वर्षांपासून एकटीच इंजिनीअर. खांबावर चढणारी तीच आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खाणारीही तीच. मालकांनी कंपनीला काय दिलं, तर आपलं नाव आणि एक भला मोठा फोटो.

कंपनीचे पाच राउटर एका जाळ्यात होते. असे राउटर आपल्यातून एक मुख्य निवडतात आणि रस्त्यांची खबर त्याच्याकडे पोचवतात. ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा मोठा, तो मुख्य. त्यांतला कोंढा गावचा राउटर दमदार, म्हणून दीपमालाने मोठा आकडा त्याला दिला होता. हे कळलं आणि वासुदेवरावांचा पारा चढला. लग्नात पहिला टिळा आपल्याला लागला नाही तर न जेवता उठणारा माणूस तो!

"मालक मी, अन् मुख्य कोंढ्याचा डब्बा? माह्या घरच्या राउटरले सगळ्यात मोठा आकडा दे."

"साहेब, तुमच्या घरी वहिनी मिक्सर लावाले त्याचाच प्लग काढतेत."

"दे म्हटलं ना! अन् नेट गेलं तर तू घरी."

नोकरीच पणाला लागली. तिने आकडा दिला. मग मालकीणबाई शकुंतलाबाईंनी चटणी वाटली की घरचा राउटर पडायचा आणि कोंढ्याचा मुख्य व्हायचा. एकदा बसलेला मुख्य तर मोठ्या आकड्यासाठीही उठत नाही. गेलेला मान परत मिळवायला वासुदेवराव दर वेळी पाचही राउटर बंद करून चालू करायला लावत. नेट गेलं म्हणून गावोगाव बोंब, आणि बोलणी दीपमालाला.

वैतागून तिने एका दुपारी घरच्या राउटरचा आकडा गुपचूप शून्य केला. शून्यवाला कधीच मुख्य होत नाही. वर त्या डब्ब्यावर सोनेरी अक्षरांत 'मुख्य' अशी पट्टी चिकटवली. वासुदेवरावांनी तिला हार घातला.

चार महिने नेट एकदाही गेलं नाही. अखंड सेवेबद्दल वासुदेवरावांनी व्यापाऱ्यांकडून शाल-श्रीफळ घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी, ते व्यापारी चहाला बसले असताना, दीपमालाला बोलावलं.

"काही बिघडूनच नाही राहिलं, मंग तुले कायले ठेवू? उद्यापासून येऊ नको."

दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, तुमच्या घरच्याचा आकडा चार महिन्यांपासून शून्य हाय. म्हणून तर चालून राहिलं."

"वाढव तो! आत्ताच्या आत्ता वाढव!"

तोवर ती जिना उतरली होती, आणि आकडा कुठे वाढवायचा हे त्या खोलीत दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.